कमरेवरचे इन्शुलिन

फराळाचे ताट पुढे आले की हल्ली बहुतेक घरांत एखादा तरी हात आखडता होतो. "मला चकली चालेल, लाडू नको," असे म्हणणारे आजोबा किंवा काका आता घरोघरी आहेत आणि त्यांच्यासाठी बिनसाखरेची वडी वेगळी थापणाऱ्या सुनाही आहेत. मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हा मधुमेह : बहुधा चाळिशीनंतर येणारा, गोळ्या, पथ्य आणि सकाळचे फिरणे यांवर बराच काळ आटोक्यात राहणारा आणि लग्नकार्यात सोयीस्करपणे विसरला जाणारा.

पण याच नावाचा दुसरा एक रोग आहे. तो आजोबांना सोडून बहुधा नातवंडांना गाठतो. डॉक्टर त्याला टाइप-१ मधुमेह म्हणतात. यात शरीराची स्वत:चीच संरक्षक यंत्रणा वाट चुकते आणि स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करून टाकते. मुलाने गोड जास्त खाल्ले म्हणून हा रोग होत नाही आणि आईने हयगय केली म्हणूनही होत नाही. अशा मुलाला गोळ्या पुरत नाहीत, काढे तर नाहीतच. त्याला बाहेरून इन्शुलिन द्यावे लागते, रोज आणि जन्मभर.

रोज म्हणजे किती वेळा? साधारणत: चार वेळा. दिवसाला चार म्हणजे वर्षाला १,४६० सुया. सहाव्या वर्षी रोग जडलेले मूल सोळाव्या वर्षी मॅट्रिकच्या परीक्षेला बसते, तेव्हा त्याने चौदा हजारांहून अधिक सुया टोचून घेतलेल्या असतात. तेव्हा अशा घरात कधी ना कधी हा प्रश्न निघतोच : "तो कमरेला लावायचा पंप मिळतो म्हणे. तो घेतला तर या सुया सुटतील का?"

प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर एका 'हो'मध्ये किंवा एका 'नाही'मध्ये मावणारे नाही. सुया पुष्कळशा सुटतात हे खरे. परंतु त्या सुयांमागे जो चोवीस तासांचा पहारा असतो, तो सुटतो का? पैशाची जमवाजमव करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी विचार करायचा तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

सुईचे उपकार

पंपाची स्तुती करण्यापूर्वी सुईचे उपकार आठवले पाहिजेत. १९२२ सालापूर्वी टाइप-१ मधुमेह झालेले मूल वाचत नसे. डॉक्टर त्याला जवळजवळ उपाशी ठेवत, कारण अन्न तोडले की मरण थोडे लांबत असे. आईबापांनी मुलाची हाडे मोजत बसायचे, एवढाच उपचार.

१९२१ सालच्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट या दोघा तरुणांनी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढण्याचे काम सुरू केले. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचण्यात आला. पहिला प्रयत्न फसला. अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध करून दिला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचल्यावर मुलाच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरली. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि इन्शुलिनचे पेटंट संशोधकांनी नाममात्र एकेका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केले.

ज्येष्ठ वाचकांना काचेची सिरिंज आणि ती उकळण्याचा पत्र्याचा डबा आठवत असेल. जाड सुई, स्पिरिटचा बोळा आणि स्वयंपाकघरात चहाच्या आधणाशेजारी उकळणारे ते पाणी! आजची सुई केसाएवढी बारीक आणि पेनाच्या टोकाला बसवलेली असते. औषधही सुधारले आहे. सकाळी किंवा रात्री एकदा दिवसभर पुरणारे संथ इन्शुलिन घ्यायचे आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारे दुसरे घ्यायचे, अशी आजची सर्वमान्य पद्धत आहे. ही पद्धत नीट पाळून शिकणारी, नोकरी करणारी, मैदान गाजवणारी आणि संसार करणारी माणसे जगात लाखोंनी आहेत. सुई म्हणजे मागासलेला उपचार, असा समज कोणी करून घेऊ नये.

सुईला न जमणारी गोष्ट

मग उणीव कोठे राहते? निरोगी स्वादुपिंड इन्शुलिन थेंबथेंब सोडत असते. झोपेत थोडे, जेवताना अधिक, धावताना जवळजवळ बंद. त्याचा हात नळाच्या तोटीवर सदैव असतो. याउलट संथ इन्शुलिनचे इंजेक्शन म्हणजे एकदाच भरून ठेवलेली टाकी. सकाळी सातला ते टोचले आणि दुपारी चारला शाळेत अचानक कबड्डीचा सामना ठरला, तर टोचलेले इन्शुलिन परत काढून घेता येत नाही. मुलाच्या हातात बिस्किटे द्यायची, एवढाच उपाय उरतो.

दुसरी अडचण पहाटेची. पहाटे तीनच्या सुमारापासून शरीरात काही संप्रेरके वाढू लागतात आणि त्यांच्या जोरावर यकृत रक्तात साखर सोडते. वाढीच्या वयातल्या मुलांत हा प्रकार फार दिसतो. रात्री अकराला साखर चांगली, पहाटे सातला मात्र अडीचशेच्या वर. ती रोखण्यासाठी रात्रीचे इन्शुलिन वाढवावे, तर मध्यरात्री दोनला साखर सत्तरच्या खाली उतरते, मूल घामाने भिजते, कधी आकडी येते. अशा घरातली आई रात्री दोनचा गजर लावून झोपते. पुष्कळदा गजराआधीच जागी होते. पंपाची गोष्ट निघते ती बहुतेक वेळा या रात्रींमुळे. दिवसाच्या सुया मूल सोसते. रात्रीची काळजी आईबापांना सोसवत नाही.

पंप म्हणजे आहे तरी काय?

शरीराला यंत्रातून सतत इन्शुलिन द्यावे, ही कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी असे एक यंत्र तयार केले होते. ते पाठीवर बांधायच्या बोचक्याएवढे होते. सैनिकाने वागवावे असे ते धूड शाळकरी पोराने कसे वागवावे? पुढे १९७८ साली लंडनच्या गाइज् हॉस्पिटलमधील जॉन पिकअप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर वागवता येईल अशा छोट्या पंपाने कातडीखाली सतत इन्शुलिन देऊन साखर आटोक्यात ठेवता येते, हे प्रसिद्ध केले. आजच्या पंपांचा वंश तेथून सुरू होतो.

आजचा पंप साधारण काड्यापेटीहून मोठा आणि पत्त्यांच्या जोडाएवढा असतो. त्यात इन्शुलिनची एक नळकांडी बसते. तिच्यातून बारीक नळी निघते आणि नळीच्या टोकाला पोटावर किंवा मांडीवर चिकटवलेली एक टिकली असते. टिकलीखाली मऊ प्लॅस्टिकची अतिबारीक नळी कातडीच्या आत काही मिलिमीटर शिरलेली असते. ती आत घालण्यापुरतीच सुई लागते. घातली की सुई बाहेर निघते. हा सरंजाम दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. म्हणजे वर्षाच्या १,४६० टोचण्यांच्या जागी सुमारे १२० ते १८० टोचण्या येतात. काही पंपांना नळीच नसते. सबंध यंत्र टिकलीसारखे अंगावर चिकटते.

पंपात एकच प्रकारचे इन्शुलिन भरतात, ते म्हणजे झटपट काम करणारे. संथ इन्शुलिनचे काम पंप थेंबाथेंबाने करतो. तासाला किती युनिट सोडायचे, हे डॉक्टर ठरवून देतात. समजा, एका मुलीला मध्यरात्री तासाला अर्धे युनिट पुरते, पण पहाटे तीन ते सात ०.८ युनिट लागते. पंपात तसे लिहून ठेवता येते. आता रात्री दोनला साखर घसरायचे भय कमी आणि सकाळी सातला ती चढायचे भयही कमी. कबड्डीचा सामना ठरला, तर सामन्याआधीच तासाचा दर अर्ध्यावर आणता येतो. टाकीच्या जागी तोटी आली, ती ही अशी.

जेवणाचा हिशेब मात्र माणसालाच करावा लागतो. ताटातल्या पिष्टमय पदार्थांचे ग्रॅम मोजायचे आणि ते पंपाला सांगायचे. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम, वाटीभर भातात तीसच्या आसपास. दर दहा ग्रॅमला एक युनिट असे प्रमाण ठरले असेल, तर दोन पोळ्यांना तीन ते चार युनिट. रक्तातली साखर त्या वेळी किती आहे आणि आधीचे इन्शुलिन अंगात किती शिल्लक आहे, हे लक्षात घेऊन पंप बेरीज-वजाबाकी करून देतो. मग बटण दाबायचे. आईच्या अंदाजाला यंत्राच्या गणिताची जोड मिळते. पण अंदाज चुकला तर गणितही चुकते.

फराळाच्या दिवसांत पंपाची एक खुबी विशेष उपयोगी पडते. साधा भात खाल्ला की साखर लवकर चढते. चकली, कडबोळी, करंजी यांचे तसे नाही. तळणातले तूप-तेल पचन लांबवते, त्यामुळे साखर उशिरा चढते आणि बराच वेळ चढत राहते. सुईने सगळे इन्शुलिन एकदम घेतले, तर आधी साखर घसरते आणि दोन-तीन तासांनी वर जाते. पंपाला मात्र सांगता येते की, यातले थोडे आत्ता दे आणि उरलेले पुढच्या दोन-तीन तासांत सावकाश दे. मुलाला भावंडांच्या पंगतीला बसून सर्वांसारखी करंजी खाता येते. ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात लहान असेल, घरात ती लहान नसते.

सुईवरून पंपावर जाताना

पंप आणला, लावला आणि झाले, असे मात्र नाही. पहिले दोन-तीन आठवडे घराची परीक्षा पाहणारे असतात. संथ इन्शुलिनच्या शेवटच्या इंजेक्शनचा अंमल अंगात शिल्लक असतो, त्यामुळे पंप कोणत्या वेळी आणि कोणत्या दराने सुरू करायचा, हे डॉक्टर हिशेबाने ठरवतात. पंपावर एकूण इन्शुलिन पुष्कळदा पूर्वीपेक्षा कमी लागते. म्हणून आरंभीचा दर जरा कमी धरतात आणि मग रात्री-अपरात्री साखर तपासून हळूहळू जुळवतात. म्हणजे ज्या झोपेसाठी पंप आणला, ती झोप पहिल्या पंधरवड्यात आणखीनच उडते! हे आधी ठाऊक असले तर कोणी हिरमुसत नाही. ठाऊक नसले की, "यापेक्षा सुई बरी होती," असे म्हणून चौथ्या दिवशीच यंत्र कपाटात जाते.

आपल्याकडे एका गोष्टीची विशेष खबरदारी घ्यावी लागते. भारतात इन्शुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात. एका प्रकारात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, तर दुसऱ्यात १०० युनिट असतात. पुष्कळ घरांत वर्षानुवर्षे चाळीसची कुपी आणि चाळीसचीच सिरिंज वापरात असते. सर्वसाधारणपणे पंपात भरायचे इन्शुलिन शंभराचे असते. पंप आला की शंभराची कुपी घरात येते, आणि एखाद्या दिवशी पंप बंद पडला म्हणून कोणी तेच इन्शुलिन जुन्या चाळीसच्या सिरिंजने टोचले, तर हव्या त्या प्रमाणाच्या अडीचपट औषध अंगात जाते. अडीचपट इन्शुलिन म्हणजे जिवाशी गाठ. तेव्हा पंप घरात येईल त्या दिवशी जुन्या सिरिंजा बाहेर जाव्यात.

टिकलीची जागाही दर वेळी बदलली पाहिजे. मुलांना एकच जागा आवडते, कारण तेथे दुखत नाही. पण तीच तीच जागा वापरली की कातडीखाली चरबीच्या गाठी होतात, त्यांतून इन्शुलिन नीट शोषले जात नाही आणि मग साखर का चढते, याचा उलगडा कोणालाच होत नाही. सुईला लागू असलेला हा नियम पंपालाही तितकाच लागू आहे.

ज्या धोक्याविषयी कमी बोलले जाते

आता पंपाचा मोठा धोका. सुई घेणाऱ्याच्या अंगात संथ इन्शुलिनची शिल्लक असते. एखादे जेवणाचे इंजेक्शन चुकले तरी ती शिल्लक काही काळ सांभाळून घेते. पंपावरच्या माणसाच्या अंगात अशी शिल्लक नसते. नळी मुरडली, टिकली निघाली किंवा नळीत हवेचा बुडबुडा अडकला, तर तीन-चार तासांत इन्शुलिनचा पुरवठा संपुष्टात येतो. मग शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात, पोट दुखते, उलट्या होतात, श्वास जोरजोराने चालतो. ही अवस्था काही तासांत येऊ शकते आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावर बेतते. नवख्या घरात हे पित्त समजून लिंबूपाणी देण्यात मोलाचे तास जातात.

म्हणून पंपवाल्या घरांत एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. कारण कळत नसताना साखर अडीचशेच्या वर गेली आणि पंपाने इन्शुलिन देऊनही तासा-दोन तासांत उतरली नाही, तर पंपावर विश्वास ठेवू नये. कीटोन तपासावेत, इन्शुलिन पेनने टोचून घ्यावे, नळी-टिकली नवी लावावी आणि उलट्या होत असतील तर थेट इस्पितळ गाठावे. किती टोचायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. दप्तरात किंवा पर्समध्ये इन्शुलिनचे पेन, सुया आणि नळी-टिकलीचा एक जादा संच कायम हवा. पंप आला म्हणून पेन फेकून देता येत नाही.

आपल्या हवापाण्याचेही काही नियम आहेत. नागपूरच्या वैशाखात अंगावरच्या नळकांडीतले इन्शुलिन उन्हाने निकामी होऊ शकते, तेव्हा ते लवकर बदलावे. मुंबईच्या घामात आणि पावसाळ्यात टिकली सुटते, तेव्हा वरून पट्टी लावावी. लोकलच्या गर्दीत नळी कोणाच्या पिशवीला अडकू नये म्हणून ती कपड्याच्या आतून घ्यावी. आंघोळीला नळीचा पंप काढून ठेवता येतो, पण तास-दीड तासाहून अधिक वेळ तसेच राहू नये. एक्स-रे, सी. टी. स्कॅन किंवा एम. आर. आय. करायचे असेल, तर पंप खोलीबाहेर ठेवावा.

आकडे काय सांगतात?

अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या दहा वर्षांत टाइप-१ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली. दिवसातून एक-दोन इंजेक्शने घेणारे एका गटात होते. पंप लावणारे किंवा तीन-चार इंजेक्शने घेऊन साखर काटेकोर राखणारे दुसऱ्या गटात होते. काटेकोर गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडाचा सुमारे ५० आणि मज्जातंतूंचा ६० टक्क्यांनी घटला. त्याबरोबर साखर धोकादायक रीतीने घसरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिपटीने वाढले. ध्यानात घ्यायचे ते असे की, या काटेकोर गटात सुईवालेही होते. डोळे वाचवले ते काटेकोरपणाने. पंप हे त्याचे एक साधन होते.

२०१७ साली ब्रिटनमधील एक पाहणी प्रसिद्ध झाली. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील प्रौढ रुग्णांना आधी आहाराचे मोजमाप आणि इन्शुलिनचा हिशेब सारखाच शिकवला. मग काहींना पंप दिला आणि काहींना इंजेक्शनांवरच ठेवले. दोन्ही गट सुधारले. पंपवाले थोडे पुढे होते, पण साखरेच्या आकड्यांतला फरक नगण्य ठरावा एवढाच होता. अर्थ उघड आहे. शिक्षणाने दोघांनाही तारले. न शिकता घेतलेला पंप म्हणजे वाजवता न येणाऱ्याच्या हाती दिलेली पेटी.

विचार करणारा पंप

आता गेल्या काही वर्षांत आणखी एक पाऊल पुढे पडले आहे. दंडावर किंवा पोटावर लावायचा एक सेन्सर दर काही मिनिटांनी साखरेचा अंदाज घेतो आणि तो पंपाला कळवतो. साखर घसरू लागली की पंप आपण होऊन इन्शुलिन रोखतो. चढू लागली की वाढवतो. असा पहिला पंप अमेरिकेत सप्टेंबर २०१६ मध्ये मान्य झाला. अशी यंत्रे आता भारतातही मिळतात. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने टाइप-१च्या मुलांना आणि ठरावीक प्रौढांना ती सरकारी खर्चाने देण्याची शिफारस केली.

रात्रीचा पहारा या यंत्रांनी खरोखरच हलका केला आहे. झोपेत जेवण नसते, खेळ नसतो, म्हणून रात्र हे यंत्राचे सर्वांत चांगले काम. आईचा दोनचा गजर बंद होतो, तो येथे. पण दिवसा या पंपालाही जेवण सांगावेच लागते. सेन्सर निसटला की तो आंधळा होतो, नळी मुरडली तर ती सरळ करणे त्याच्या हातात नसते. त्याला मदतनीस म्हणावे. घराचा कारभार त्याच्यावर सोपवू नये.

लोक काय म्हणतील?

शरीराचा हिशेब संपला तरी मनाचा राहतो. सुई घरात, दार लावून घेता येते. पंप दिसतो. वर्गातली मुले विचारतात, बसमधला शेजारी विचारतो, आणि मुलगी वयात आली की मावश्या-आत्यांची कुजबूज सुरू होते : "हे असे कमरेला लावून हिंडली तर हिचे लग्न कसे जमायचे?" लपवाछपवी आपल्या घरांत या रोगाइतकीच जुनी आहे, आणि तिने केलेले नुकसान रोगाहून कमी नाही. सासरी कळू नये म्हणून इंजेक्शन चुकवणारी मुलगी आपले डोळे आणि मूत्रपिंडे पणाला लावत असते. मधुमेह नीट राखलेल्या स्त्रीला लग्न, नोकरी, मूल काहीच वर्ज्य नाही. मात्र गर्भधारणेपूर्वीपासून साखर काटेकोर हवी.

२०१४ साली अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या सौंदर्यस्पर्धेत सिएरा सँडिसन ही तरुणी पोहण्याच्या वेषावर आपला पंप उघड लावून व्यासपीठावर आली. स्पर्धा तिने जिंकली. तिचे छायाचित्र पाहून पंप लावणाऱ्या हजारो मुलामुलींनी आपापली छायाचित्रे प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या मुलींनी सौंदर्यस्पर्धेला उभे राहावे, असे येथे सुचवायचे नाही. पंप साडीच्या निऱ्यांशी खोचता येतो, सलवारच्या आतल्या खिशात बसतो, हवा तर दिसतच नाही. तो दाखवायचा की झाकायचा, हे त्या मुलीने ठरवावे. लाजेने तिच्यावर लादू नये.

घ्यावा की नाही?

शेवटी पैशाचा प्रश्न येतोच. पंपाची किंमत आपल्याकडे काही लाखांच्या घरात जाते. नळ्या, टिकल्या आणि सेन्सर यांचा खर्च दर महिन्याला काही हजार रुपये वेगळा. चार-पाच वर्षांनी यंत्र बदलण्याची वेळ येते, तेव्हा पुन्हा तीच रक्कम. मध्यमवर्गीय घराला हा बोजा लहान नाही. म्हणून खरेदीच्या दिवशी परवडते का, एवढाच विचार पुरत नाही. साठाव्या महिन्यालाही परवडेल का, असा प्रश्न करावा. विमा काय देतो आणि काय नाही, हे कागदावर लेखी घ्यावे. नळ्या महाग म्हणून तीन दिवसांची टिकली आठ दिवस ठेवायची पाळी येणार असेल, तर त्यापेक्षा चांगली राखलेली सुई शतपटीने सुरक्षित.

विकत घेण्यापूर्वी महिनाभर वहीत रोजची साखर, रोजचे ताट आणि रोजचे इन्शुलिन लिहून पाहावे. ज्या घराला महिनाभर वही ठेवता आली, त्या घराला पंप वापरता येईल. ज्या घराला ती ठेवता आली नाही, त्याने आधी तेवढे शिकावे. आणि वही कोण लिहिते, हेही पाहावे. पाच वर्षांच्या मुलाची वही आईच लिहिणार. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाची वही अजून आईच लिहीत असेल, तर पंपही आईचाच होईल. दहावी झाल्यावर वसतिगृहात जायची वेळ आली की आई तेथे नसते. वडिलांनी, आजीने आणि मोठ्या भावंडानेही निदान संकटकाळचे नियम शिकून घ्यावेत. एकाच माणसाला येणारा उपचार तो माणूस आजारी पडला की बंद पडतो.

१९२२ साली सुईने मुलांचा जीव वाचवला. पंप त्याहून नाजूक काम करतो. तो त्या जीवाला थोडी मोकळीक देतो, उशिरापर्यंत झोपण्याची, अचानक खेळायला जाण्याची, चारचौघांत बसून जेवण्याची. ही मोकळीक मोलाची आहे आणि ज्या घराला झेपेल त्याने ती मुलाला जरूर द्यावी. ज्याला झेपणार नाही, त्या आईबापांनी आपण मुलाला काही कमी केले, असे मनात आणू नये. रोज वेळेवर दिलेल्या चार सुया, नीट मोजलेले ताट आणि साखर वाढलेली दिसली तरी न रागावता विचारलेले "आज काय काय खाल्लेस रे?" एवढ्या पुंजीवरही मूल मोठे होते, डोळे शाबूत राहतात, आणि आपला पहारा आपण करायला ते शिकते.